मौनातला होकार

अक्काच्या सोप्यात खाटेवर श्रीपाद भाऊजी झोपले होते.

मी उंबऱ्यातच थांबले. एक चप्पल पायात, एक काढलेली, हातात उकडीच्या मोदकांचा डबा. ज्या माणसाचं नाव वीस-बावीस वर्षं या घरात कुणी काढलं नव्हतं, तो अक्काचा नवरा तिनंच शिवलेल्या गोधडीखाली, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपला होता. उजवा हात कुणीतरी उचलून ठेवल्यासारखा गोधडीवर पडला होता. अर्धांग झालंय, हे बघताक्षणी कळत होतं.

"ये की," अक्का आतून हलक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"अक्का, हे..."

"परवा आणलं. बेळगावहून. पुतण्यानं गाडी करून दिली." तिनं माझ्या हातातला डबा घेतला. "तू म्हणालीस म्हणून धीर झाला बघ. नाहीतर मला काही सुचतच नव्हतं."

"मी म्हणाले?"

"मग! आणि तेही सकाळी." अक्काचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी मौन मोडलंस तू, शरयू. मी म्हटलं, हिनं नेम मोडला म्हणजे देवाच्याच मनात आहे. लगेच पुतण्याला फोन लावला."

माझा नेम असा आहे की सकाळी उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. एका चातुर्मासात धरला होता, तो सुटला नाही. आमचे हे होते तेव्हा त्यांनी सुरुवातीला थट्टा केली, मग तेही सकाळचे गप्प राहायला शिकले. आता घरात मी एकटीच. अक्काला हे सगळं माहीत आहे. ती माझ्या पूजेच्या वेळेला मुद्दाम फोन लावते. मी फोन देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवते, गंध उगाळते, फुलं वाहते, आणि ती तिकडून बोलत राहते. उत्तर न देणाऱ्या माणसाजवळ मन मोकळं करायला सोपं जातं, असं ती म्हणते. बाकीचं बोलणं आम्ही संध्याकाळी करतो; या आठवड्यात मात्र तेही झालं नव्हतं.

"अक्का, कुठल्या दिवशी?"

"मंगळवारी. असं काय करतीस?"

मंगळवारचा फोन मला आठवत होता. "मंगळवारी तू लोणच्याचं बोलत होतीस. मोहरीची डाळ जुनी निघाली म्हणून."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. "कसलं लोणचं? अगं, यंदा झाडाला कैरीच नाही."

खाटेवर भाऊजी खोकले. अक्का पाण्याचं भांडं घेऊन धावली. मी सोप्याच्या कडेला बसून राहिले. मला वाटलं, आपलं डोकं फिरायला लागलंय. मग वाटलं, अक्काचंच. मग एकदम तिसरी गोष्ट लक्षात आली.

अक्काचं गाव आजऱ्याच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. तिथं रेंज येते आणि जाते. तिच्यासाठीच तर मी सांधा लिहिला होता.

हे नीट सांगायला हवं. मी गडहिंग्लजला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. आपण फोनवर बोलतो तेव्हा आवाज सलग जात नाही. फोन त्याचे बारीक तुकडे करतो, एका अक्षराहूनही लहान, आणि ते एकामागून एक पाठवतो. डोंगराळ भागात यातले काही वाटेत हरवतात, म्हणून बोलणं तुटतं. सांधा हा माझा छोटा प्रोग्रॅम त्या भोकांवर ठिगळ लावायचा. 'ये' ऐकू आलं आणि 'ते' हरवलं, तर 'ते' स्वतः तयार करून ऐकवायचा, त्याच माणसाच्या आवाजात. ऐकणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही. तो ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये बसतो आणि ऐकता ऐकता शिकतो. अक्काच्या फोनमधल्या सांध्याला मी अक्काशी कशी बोलते ते माहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या निलोफरच्या फोनमधल्याला मी निलोफरशी कशी बोलते ते. शिकलेलं त्या त्या फोनबाहेर जात नाही.

एक अडचण पहिल्यापासून होती. माणूस गप्प असला की फोन आवाज पाठवायचा थांबतो, उगाच डेटा कशाला खर्चायचा? मधून मधून फक्त एक खूण पाठवतो, की इकडं शांतता आहे. ती खूणच वाटेत हरवली, तर पलीकडच्या फोनला कळत नाही की माणूस गप्प आहे, की बोलतोय आणि बोलणं हरवलंय. अशा वेळी माझा सांधा काही करायचा नाही. कळत नसेल तर बोलू नये, एवढीच त्याला समज होती.

पुढं पारवा आला. पारवा म्हणजे फोन चालवणारी आख्खी यंत्रणाच, पण कुण्या एका कंपनीची नाही. गावोगावची पोरंपोरी मिळून ती लिहितात, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, फुकट वापरावी. स्वस्तातल्या फोनवरही ती चालते, म्हणून बघता बघता खेडोपाडी तीच झाली. आणि त्या पारव्यानं बोलणं जोडायला माझा सांधा घेतला होता. पारवा सांध्यावर उभा आणि सांधा माझ्या एकटीवर.

पारव्याचं काम बघणारी निलोफर मुजावर इचलकरंजीची. गेल्या वर्षी तिनंच विषय काढला.

"मॅडम, रागावू नका. पण उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"उद्या एकादशी आहे. उद्या काही होणार नाही मला."

"तेच म्हणतेय मी! एकादशीला तुम्ही मेल उघडत नाही. सकाळी बोलत नाही. श्रावणात तर विचारूच नये. लाखो फोन तुमच्या पंचांगावर चालतात, मॅडम."

मी हसले. तिचं खरं होतं. तीही रमजानमध्ये दुपारच्या मीटिंगा ठेवत नाही, त्यामुळं आमचं जमतं. मी सांधा देऊन टाकला. तो पारव्याच्या पोटात गेला, वेगळं नाव राहिलं नाही. आता मजकूर लिहिताना पुढचा शब्द सुचवणारी पारव्यातली हुशारी आणि सांधा एकाच ठिकाणी आले, आणि जो पूर्वी अक्षर भरायचा तो वाक्यच्या वाक्य भरू लागला. अलीकडेच एकानं सुचवलं की खूण हरवली तर शांतता न धरता बोलणं हरवलं असं धरावं, कारण फोन मेल्यासारखा वाटतो अशी लोकांची तक्रार होती. सूचना सगळ्यांपुढं ठेवली गेली. प्रकल्पाचा नियम असा की आठवडाभरात कुणी हरकत घेतली नाही तर मान्य. मी ती वाचली होती. मलाही ती बरोबरच वाटली होती. मी काही लिहिलं नाही.

आजऱ्याहून परतताना बसमध्ये हे सगळं डोक्यात जुळत गेलं. मंगळवारी रेंज दोन्हीकडून गेली असणार. अक्कानं विचारलं, त्यांना आणू का घरी? ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. त्या जागी माझ्या फोननं अक्काच्या आवाजात लोणचं भरलं, कारण या दिवसांत ती दरवर्षी लोणच्याचंच बोलते. आणि मी गप्प होते, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. त्या जागी तिच्या फोननं माझ्या आवाजात होकार भरला. आम्ही दोघी एकमेकींशी काहीच बोललो नव्हतो, आणि तरी बोलणं झालं होतं.

मला हे पटत होतं आणि पटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निलोफरला मेसेज करून सगळं कळवलं. माझ्या फोनची पाठवणी मुद्दाम लंगडी केली, म्हणजे तिचं मला नीट ऐकू येईल, माझं मात्र वाटेत हरवेल. मग तिला फोन लावला आणि देव्हाऱ्यासमोर बसले. ठरलं होतं असं की ती बोलेल, मी गप्प राहीन, आणि तिला जे ऐकू येईल ते ती लिहून पाठवेल.

"मॅडम, चहा झाला का?"

मी वाती वळत होते. मग मेसेज आला: 'तुम्ही म्हणालात, अजून नाही गं, पूजा व्हायचीय.'

माझे हात थांबले.

"मॅडम, उद्याच्या मीटिंगला येणार ना?"

'तुम्ही म्हणालात, बघते, जमलं तर.'

मी 'जमलं तर' म्हणते तेव्हा येत नाही, हे निलोफर चांगलं ओळखून आहे. फोनलाही ते माहीत असेल का, कोण जाणे. निलोफर जरा हसली. मग तिचा आवाज बदलला.

"मॅडम, एक विचारू? सांधा आम्हाला दिलात, तेव्हा वाईट वाटलं का?"

मी समईकडं बघत राहिले. बराच वेळ मेसेज आला नाही. मग आला: 'तुम्ही म्हणालात, हो गं, थोडं.' आणि खाली: 'खरंच का?'

मी उत्तर लिहिलं नाही. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही ते ठाऊक होतं की नव्हतं, हे आता ठरवता येईना.

नैवेद्य झाल्यावर मी तिला फोन केला, या वेळी पाठवणी नीट करून. आधी तिनं विचारलं, "आता तुम्हीच ना, मॅडम?"

"मीच."

"अंगावर काटा आला हो माझ्या. सांगून ठेवलेलं असूनसुद्धा." ती थोडं थांबली. "दुरुस्ती सोपी आहे. कळलं नाही तर गप्प बसायचं, पहिल्यासारखं. या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर जाईल. त्याच्याबरोबर सूचनाही देऊ."

"सूचनेत काय लिहिणार? की गेल्या काही दिवसांत तुम्ही जे ऐकलंत, त्यातलं काही कुणी बोललंच नव्हतं?"

"असंच काहीतरी."

"कुठलं नव्हतं, ते?"

"ते नाही सांगता येणार, मॅडम. फोन ते ठेवत नाही. तुम्हीच तसं लिहिलंय ना, कुणाचं बोलणं साठवायचं नाही म्हणून."

संध्याकाळी देवळात गेले. आमच्या देवळातले उपाध्ये वयानं माझ्याहून लहान, पण जाणते आहेत. त्यांना विचारलं, माझ्या आवाजात मौनाच्या वेळी कुणी बोललं तर नेम मोडला का?

"तुम्ही तोंड उघडलंत?"

"नाही."

"मग मोडला नाही."

"पण ऐकणारीला वाटलं मी मोडला. आणि तिनं त्यावर भरवसा ठेवून एक मोठं पाऊल उचललं."

उपाध्यांनी खांद्यावरचं जानवं सारखं केलं, घंटेकडं पाहिलं. "बाई, याला प्रायश्चित्त असेलही. पण ते घ्यायचं कुणी, हे मला सांगता येणार नाही."

घरी येऊन मी विचार करत बसले. अक्काला सांगितलं नाही, तर ती या वयात एका माणसाचं अंग पुसणार, भरवणार, कूस बदलणार, आणि हे सगळं कुणीच न उच्चारलेल्या शब्दावर. सांगितलं, तर कदाचित ती त्यांना परत पाठवील. पुतण्या हात झटकून मोकळा झाला होता. बेळगावात ज्या बाईबरोबर त्यांनी घर केलं होतं ती मागेच वारली. परत म्हणजे कुठं?

आणि माझ्या मनात काय होतं तेही लिहिलं पाहिजे. हा माणूस गणपतीला येतो म्हणून गेला आणि आला नाही. दर वटपौर्णिमेला अक्का वडाला दोरा गुंडाळायची आणि मी मान वळवून उभी राहायची. देवापुढं हात जोडतानाही मला त्यांचं भलं मागता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस धरून मी पुन्हा गेले. अक्का भाऊजींना पेज भरवत होती. ते गिळताना तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं बघायचं टाळत होते. भरवून झाल्यावर मी तिला मागच्या पडवीत नेलं.

"मंगळवारी मी नेमकं काय म्हणाले, सांग बघू."

"आता उलटतपासणी घेतीस?" अक्का हसली. "म्हणालीस, आण त्यांना, अक्का. आपलंच माणूस आहे."

'आपलंच माणूस आहे.' हे मी नेहमी म्हणते. दूधवाला उशिरा आला तरी, शेजारीण न सांगता जेवायला थांबली तरी. अक्कानं कुणाबद्दल तक्रार केली की माझं हे ठरलेलं.

"अक्का, ते मी बोलले नव्हते."

मी तिला सगळं सांगितलं. तुकडे, खूण, सांधा, पारवा, कैऱ्या. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी.

"म्हणजे तू नेम मोडला नाहीस."

"नाही."

"तरीच. मला नवलच वाटलेलं." मग जरा वेळानं, "पण आवाज तुझाच होता की गं. तू कसा श्वास घेतीस बोलायच्या आधी, तसाच."

"तेच शिकलंय ते."

"मग फोनला काय पडलंय त्यांचं? त्यानं का म्हणावं आण म्हणून?"

"त्याला काहीच पडलं नाही, अक्का. मी तुला नेहमी काय म्हणते, त्यावरून त्यानं अंदाज बांधला. मी तुला कधी नाही म्हणतच नाही ना."

"आणि तू असतीस तर? काय म्हणाली असतीस?"

मला वाटलं होतं हा प्रश्न ती विचारणार नाही. पडवीतून खाटेचा कोपरा दिसत होता.

"नको म्हणाले असते," मी म्हणाले. "नको आणूस, असं म्हणाले असते."

अक्का उठली, खाटेवरची गोधडी सारखी करून आली, पुन्हा बसली.

"मग बरं झालं तू गप्प होतीस," ती म्हणाली.

"अक्का!"

"अगं, तू नको म्हणाली असतीस तर मी आणलंच नसतं. जन्मभर तुझंच ऐकत आले मी." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "मंगळवारी तुला विचारलं ना, तेव्हा मला 'आण' हेच ऐकायचं होतं. म्हणून ऐकू आलं की काय, देव जाणे. तुझा तो प्रोग्रॅम तुला शिकला म्हणतीस. मग माझ्याच फोनमध्ये बसून मला शिकला नसेल कशावरून?"

तसं नसतं, हे मी तिला सांगणार होते. ऐकणाऱ्याचं मन तो शिकत नाही, बोलणाऱ्याचा आवाज शिकतो. पण मी समोरच्याचं मन बघून बोलते, आणि ते बोलणं तो शिकतो. मग काय शिकला तो? मी दुसरंच विचारलं.

"मग ठेवणार त्यांना?"

"ठेवणार. आता तुझ्या सांगण्यावरून नाही, एवढंच." आणि मग थोड्या रागानं, "तू असं बोलायला नको होतंस, शरयू. मनात असलं तरी."

मोदकांचा डबा तिनं धुऊन परत दिला. निघताना दारापर्यंत आली, पण पुन्हा ये म्हणाली नाही. ती म्हणाली नाही, की मला ऐकू आलं नाही, असं उगाच बसमध्ये मनात आलं. तिथं तर फोनही मधे नव्हता.

दुरुस्ती सगळीकडं पोचली. पारव्याच्या सूचनेवर लोकांनी काय काय लिहिलं ते निलोफरनं मला वाचायला दिलं. एकाला साखरपुड्याचा होकार परत विचारून घ्यावा लागला. एका आजोबांनी लिहिलं होतं की मुलगा फोनवर फार गोड बोलायला लागला होता, तो प्रकार बंद करू नका. मी निलोफरला म्हटलं, यांना काय उत्तर देणार? ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा."

अक्काचा सकाळचा फोन थांबला होता. मी पूजेच्या वेळी फोन पाटावर ठेवायची आणि तो तसाच राहायचा. संध्याकाळी मी लावला तर ती दोन शब्द बोलून ठेवायची, कामात आहे म्हणून.

काल सकाळी तो वाजला. मी गंधाचं बोट तसंच धरून दुसऱ्या हातानं तो घेतला.

"शरयू, तू काही बोलू नकोस, मला ठाऊक आहे तुझं चाललंय," अक्का म्हणाली. आवाज तुटत होता, आता भोकं भरली जात नव्हती. "सांगायचं एवढंच... रात्री त्यांनी तुझं नाव घेतलं. नीट बोलता येत नाही, पण घेतलं. म्हणाले, शरयूला सांग की..."

आणि पुढं काही नाही. कोरी शांतता. मीच मागून घेतलेली.

मी वाट पाहिली. समई तेवत होती, नैवेद्याला अजून वेळ होता. ते काय म्हणाले असतील? माफी? शिव्या? मला कळेना की मला काय हवंय. फोन कानाला धरून मी थांबले, आणि मग तोंड उघडलं.

"काय म्हणाले, अक्का?"

सकाळच्या वेळी स्वतःचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला. तो मलाच ओळखीचा वाटला नाही.

तिकडून घरघर आली, आणि त्यातून अक्का, अगदी स्पष्ट, घाबरलेली.

"कोण बोलतंय?"

"मीच."

"शरयू या वेळी बोलत नाही."

"अक्का, मीच आहे गं. मी मोडला नेम. खरंच मोडला."

पलीकडं काही आवाज नव्हता. ती ऐकत होती की रेंज गेली होती, मला कळेना. मी पुन्हा म्हटलं, मीच आहे, आणि पुन्हा, आणि दर वेळी ते मला आधीपेक्षा थोडं कमी खरं वाटलं.